कार्निव्हल क्वीन आणि रेयना एलेना : फिलिपिन्सच्या या दोन राण्या एक नाहीत

फिलिपिन्समधले जुने फोटो बघायला लागलं की ही गल्लत हमखास होते. डोक्यावर मुकुट, फुगीर बाह्यांचा तेर्नो (तिकडचा बायकांचा पारंपरिक पोशाख), मागे जमिनीवर लोळणारा लांबलचक घोळ, बाजूने गर्दी, आणि खाली लिहिलेलं असतं नुसतं 'राणी'. मग लोक म्हणतात बघा, शंभर वर्षांपूर्वीची ब्यूटी क्वीन. पण त्यातली बरीच चित्रं ब्यूटी क्वीनची नसतातच, ती सांताक्रूझान या धार्मिक मिरवणुकीतल्या रेयना एलेनाची असतात, आणि हा फरक किरकोळ नाहीये, कारण रेयना एलेना स्पॅनिश काळातल्या परंपरेची आणि कार्निव्हल क्वीन अमेरिकन काळाची.

आधी सांताक्रूझान. स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत इथे राज्य केलं आणि कॅथलिक धर्म गावोगाव रुजवला, त्यातलीच ही मे महिन्यातली मिरवणूक. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिला येशूचा खरा क्रूस सापडला अशी श्रद्धा आहे, त्याची ही आठवण. गावातल्या मुली सागाला होतात, म्हणजे एकेक पात्र घेऊन चालतात. कोणी श्रद्धा, कोणी आशा, कोणी बायबलमधली ज्युडिथ किंवा एस्थर. बायबलमधलाच म्हातारा मेथुसेला गाडीवर बसून कढईत वाळू भाजत असतो, सगळ्याची शेवटी मातीच होणार हे दाखवायला (मला हे पात्र सगळ्यात जास्त आवडतं). सगळ्यात शेवटी फुलांच्या कमानीखालून रेयना एलेना येते, हातात छोटा क्रूस, शेजारी कॉन्स्टंटाइन झालेला एक लहान मुलगा. मुद्दा असा की ती जिंकलेली नसते, तिला निवडलेलं असतं, बहुतेक वेळा खर्च उचलणाऱ्या यजमान घराने, ज्याला हेरमानो किंवा हेरमाना मायोर म्हणतात. त्यामुळे देखणी मुलगी, पैसेवाल्याची मुलगी हे सगळं तिथेही चालायचंच, पण लोक हात जोडतात ते हेलेनाला, त्या मुलीला नाही.

कार्निव्हल क्वीनचं प्रकरणच वेगळं. १८९८ मध्ये स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन हे बेट-राष्ट्र अमेरिकेला दिलं, फिलिपिनोंना कोणी विचारलंही नाही, आणि पुढे १८९९ पासून भयंकर युद्ध झालं. त्यानंतर काही वर्षांतच, फेब्रुवारी १९०८ मध्ये, मनिलात कार्निव्हल सुरू झाला. व्यापारी प्रदर्शन, प्रांतांचे मांडव, मुखवट्यांचे नाच, आणि राज्यकर्ते आणि प्रजा कशी गुण्यागोविंदाने नांदतायत हे दाखवणं हा त्यामागचा उघड हेतू. पहिल्याच वर्षी राण्या दोन केल्या, पश्चिमेची राणी मार्जरी कोल्टन ही अमेरिकन आणि पूर्वेची राणी पुरा व्हिलानुएव्हा ही फिलिपिन्समधल्याच इलोइलोची. दोघींना बरोबरीने मिरवलं, पण देश कोणाच्या ताब्यात आहे हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तरी या दोन सिंहासनांमध्ये सगळा वसाहतवाद एका चित्रात दिसतो.

ही राणी मतांवर ठरायची. पेपरात कुपनं छापून यायची, ती भरून द्यायची, म्हणजे ज्याच्या मागे पैसा आणि ओळखी जास्त त्या मुलीचं पारडं जड. म्हणून सुरुवातीच्या राण्या बहुतेक मोठ्या घरातल्याच दिसतात. राणीबरोबर राजाही असायचा, १९२२ ची राणी व्हर्जिनिया यामास आणि तिचा राजा कार्लोस रोम्युलो यांनी पुढे खरोखरच लग्न केलं, आणि तेच रोम्युलो १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचे अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये 'मिस फिलिपिन्स' हा किताब आला, पहिली मानकरी अनिता नोबल. १९३९ नंतर कार्निव्हल झालाच नाही, दुसरं महायुद्ध आलं.

आता मला ज्याच्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते. राणी निवडायला मतं चालत होती त्या काळात फिलिपिनो बाईला स्वतःला मतदानाचा हक्क नव्हता. आणि ती पहिली पूर्वेची राणी, पुरा, तिने १९०६ मध्येच, म्हणजे मुकुट डोक्यावर यायच्या आधी, इलोइलोत स्त्रियांची संघटना काढली होती, पेपरात लिहीत होती. मुकुट मिळाल्यावरही ती त्याच कामाला लागून राहिली, वर्षानुवर्षं. १९३५ च्या राज्यघटनेने अट घातली की किमान ३ लाख बायकांनी होकार दिला तरच हक्क मिळेल, आणि ३० एप्रिल १९३७ ला ४,४७,७२५ बायकांनी हो म्हटलं, नाही म्हणणाऱ्या फक्त ४४,३०७. पुराची मुलगी मारिया कलाव १९३१ ची मिस फिलिपिन्स आणि पुढे सिनेटर झाली. त्यामुळे कार्निव्हल क्वीन म्हणजे सत्तेची शोभेची बाहुली एवढंच कोणी लिहिलं की मला राग येतो. ती तशी वापरली जात होती हे खरं, पण बाहुली होऊन बसायला या बायका तयार नव्हत्या.

तर फोटो ओळखायचा कसा? क्रूस आणि शेजारी लहान मुलगा दिसला, फुलांची कमान असली, तर रेयना एलेना. सिंहासन, दरबार, शेजारी राजा दिसला तर कार्निव्हल. कपड्यांवरून मात्र ठरवू नका, तेर्नो दोन्हीकडे असतो.

आणि आजच्या फोटोंत तर अजूनच गोंधळ होणार, कारण आता सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलींनाच मे महिन्यात रेयना एलेना व्हायला बोलावतात. ती येते, क्रूस हातात घेते, आणि गल्लीतली पोरं मात्र तिला तिच्या किताबाच्या नावानेच हाका मारत असतात.