एक अक्षर, दोन दुखणी

‘पीएससीए’ या जनुकाचं नाव प्रोस्टेटवरून पडलं, कारण ते आधी तिथे सापडलं. गाजलं मात्र जठरामुळे.

2008 साली जपानी संशोधकांनी जठराचा कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या लोकांचा डीएनए ताडून पाहिला. या जनुकात एका ठिकाणी कुणाकडे ‘सी’ हे अक्षर असतं, कुणाकडे ‘टी’. रुग्णांमध्ये ‘टी’चं प्रमाण जास्त निघालं, पेशी सुट्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरतात, त्या प्रकारात तर ठळकपणे. आणि ‘टी’ काही दुर्मीळ नाही. जपानात तोच बहुसंख्य!

चार वर्षांनी जपानमधूनच दुसरा निष्कर्ष आला. जठराच्या पुढच्या आतड्यात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, अल्सर होण्याचा धोका ‘सी’वाल्यांना जास्त होता. कॅन्सर काय, हा अल्सर काय, दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हाच जंतू. तरी हा अल्सर झालेल्यांना जठराचा कॅन्सर कमी होतो, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. त्या कोड्याचा एक धागा इथे सापडला.

हे अक्षर प्रथिनाची बांधणी कुठून सुरू होणार ते ठरवतं. ‘टी’ असेल तर सुरुवात थोडी अलीकडून होते, प्रथिनाला नऊ अमिनो आम्लं जास्त मिळतात आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर पोचतं. ‘सी’चं आखूड प्रथिन आतच राहून मोडलं जातं. आता यातल्या कुठल्या अक्षराला वाईट म्हणायचं?

‘टी’मुळे धोका वाढतो तो दीडपटीच्या आगेमागे. न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात 1998 साली सीडीएच1 जनुकातला बिघाड सापडला, त्याची गोष्ट वेगळी. तो दुर्मीळ आहे, पण इतका घातक की वाहकांना जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. ‘टी’ सापडला म्हणून कुणी जठर काढणार नाही. नुसत्या त्या अक्षराची तपासणी करून घेण्यातही मला अर्थ दिसत नाही.

जंतूची तपासणी मात्र वेगळी. बीआरसीए2सारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत दुर्मीळ बिघाड असणाऱ्यांविषयी 2023 मध्ये जपानचेच आकडे आले. बिघाड आणि जंतू दोन्ही असतील तर वयाच्या 85व्या वर्षापर्यंत जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे 45 टक्के. नुसता जंतू असेल तर 14. जंतूच नसेल तर, बिघाड असूनही, 5 टक्क्यांच्या आत. आणि हा जंतू बहुतेकांच्या पोटातून एक-दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो.