खडे काढले, पण यकृताचं काय?

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा दोन गोष्टी जोडीनं येतात: पित्ताशयात खडे आणि ग्रेड वन फॅटी लिव्हर. खड्यांची धास्ती घेऊन घरचे सर्जन शोधू लागतात. फॅटी लिव्हरला मात्र ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं.

आधी एक घोळ निस्तरू. ‘पित्त झालं’ म्हणताना आपण जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. खडे होतात ते पित्त वेगळं. यकृत ते रोज अर्धा ते एक लिटर तयार करतं आणि 30 ते 50 मिलिलिटरच्या पित्ताशयात त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं. तुपातेलाचा घास आतड्यात पोचला की ही पिशवी आकसून पित्त सोडते. पित्तातलं कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. सरबतात साखर जास्त झाली की तळाशी बसते, तसं कोलेस्टेरॉल जास्त झालं की त्याचे स्फटिक होतात. पिशवी नीट रिकामी होत नसेल, तर ते आतल्या चिकट स्रावात अडकतात आणि वाढत जातात.

आता यकृत. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की पोटाच्या चरबीतून मेदाम्लं सुटून यकृतात येतात, शिवाय यकृत स्वतःही साखरेपासून मेद बनवत राहतं. 5 टक्क्यांहून जास्त पेशींत मेद साचला की ते फॅटी लिव्हर. त्याच वेळी यकृतातून पित्तात कोलेस्टेरॉल ढकलणाऱ्या प्रथिनांवरचा इन्सुलिनचा लगाम सुटतो. म्हणजे एकाच बिघाडातून यकृतात मेद साचतो आणि पित्तात खड्यांचा कच्चा माल वाढतो. (रंगद्रव्याच्या काळ्या खड्यांची गोष्ट वेगळी; ते रक्तपेशी लवकर फुटण्याच्या आजारांत किंवा सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत वणांनी कडक झाल्यावर, होतात.)

म्हणूनच पित्ताशय काढल्यानं फॅटी लिव्हर बरं होत नाही. खडे असूनही त्रास नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागतही नाही. यकृताची तपासणी मात्र करायलाच हवी, आणि तिची सुरुवात स्वस्तात होते. रक्ताच्या साध्या तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृतातली दोन विकरं (एन्झाइम्स) आणि प्लेटलेट मोजतात. वयाला एसजीओटीनं गुणा. प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. वय 50, एसजीओटी 40, प्लेटलेट दोन लाख (म्हणजे 200), एसजीपीटी 49: 2000 भागिले 1400, उत्तर 1.43. हा फिब-4 आकडा 1.3 च्या आत असेल तर यकृतात जास्त वण (फायब्रोसिस) असण्याची शक्यता कमी. त्याहून जास्त आला तर फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल) डॉक्टरांना विचारा, 2.67 च्या वर गेला तर यकृततज्ज्ञ गाठा. पासष्टीनंतर 1.3 ऐवजी 2 ही मर्यादा धरतात.

वजन 7 ते 10 टक्के उतरलं की यकृतातला मेद आणि सूज चांगलीच कमी होते. पण इथेच अनेकांची फसगत होते. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगानं वजन उतरवलं, तर चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, आणि खाणं नसल्यानं पिशवी आकसत नाही. नवे खडे होतात. अर्धा ते एक किलोचा वेग ठेवा, जेवणातलं तेल पूर्ण बंद करू नका. साखर, गोड पेयं, मैदा आणि दारू आधी तोडा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर खडे टाळायला डॉक्टर काही महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे औषध देतात, ते याच कारणानं.

लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पडतात’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शौचातून पडतात ते हिरवट गोळे बहुतेक त्याच तेलाचा आतड्यात झालेला साबण असतात.

जेवणानंतर बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मध्यभागी कळ येऊन अर्धा तास ते काही तास राहिली आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे गेली, तर ती ‘पित्ताची’ म्हणून अँटासिडवर काढू नका. सोबत थंडी-ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.