नावेतला बाप्तिस्मा आणि विचिटाचा ठराव : लूथरन मंडळीवाढीच्या वादाची पार्श्वभूमी

‘चर्च ग्रोथ’, म्हणजे मंडळीवाढ, ही विचारसरणी कॅलिफोर्नियात नावारूपाला आली, पण ती घडली ब्रिटिशांच्या मध्यप्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या मुलखात. 1897 मध्ये दमोहला जन्मलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने पाहिले, की मिशनच्या शाळा-दवाखान्यांवर पैसा खर्च होतो आणि मंडळ्या आहेत तेवढ्याच राहतात. जिथे वाढतात तिथे माणसे एकेकटी येत नाहीत, जातभाईंना घेऊन येतात. त्यावरून त्याने सूत्र बांधले : जात, भाषा, वर्ग न ओलांडता ख्रिस्ती होता आले, तर लोक लवकर होतात. 1955 मध्ये ते पुस्तकरूपाने आले आणि 1965 पासून कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या एका सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवले जाऊ लागले. अमेरिकेत जातीच्या जागी उपनगरातला मध्यमवर्ग आला, सोबत घरोघरची सर्वेक्षणे आणि हजेरीचे आलेख आले.

हा मिशनरी लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतला, नव्हता. त्याचा पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाही, लूथरन देतात. ही पद्धत लूथरन मंडळ्यांनी उचलावी का, या वादातला पहिला आक्षेप इथेच आहे : ज्या पंथाची कृपेच्या साधनांबद्दलची, म्हणजे देवाचे वचन आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार यांबद्दलची, समजूतच वेगळी, त्याची पद्धत उचलली तर त्याची शिकवण सोबत येणार नाही कशावरून?

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या पुराणमतवादी मिसूरी सिनडला, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या संघाला, ही पद्धत हवीशी वाटली, त्याला कारण होते. 1970 च्या सुमारास तिची सभासदसंख्या 28 लाखांवर होती, 1974 मध्ये तिथल्या सेमिनरीत फूट पडली, आणि मग आकडा घसरू लागला. 1987 मध्ये सिनडच्या धर्मशास्त्रीय समितीने या विषयावर अहवाल काढला. सुवार्ताप्रसाराची तळमळ घ्या, संख्येला विश्वासाचे माप मानू नका, असा त्याचा सूर. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीची वाक्ये उचलली.

पद्धत मंडळीत उतरली की काय होते, हे एखाद्या रविवारच्या उपासनेत दिसे. नवख्याला जड जाईल म्हणून सुरुवातीचा पापांगीकार आणि क्षमेची घोषणा गळे. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरीव कबुली, पडद्यावर येई, तोही नव्याने लिहिलेला. प्रभुभोजन फक्त एकमताच्या सभासदांना देण्याची रीत पाहुण्यांना खटकते, म्हणून ते आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सरकवले जाई. समर्थक म्हणत, लूथरनांच्या मूळ जाहीरनाम्याचे, म्हणजे ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराचे, सातवे कलमच सांगते, की विधी सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. विरोधक त्याच्याच पाचव्या कलमावर बोट ठेवत : वचन आणि संस्कार यांतून पवित्र आत्मा विश्वास निर्माण करतो, देवाला वाटेल तिथे आणि वाटेल तेव्हा. प्रभुभोजनच आडोशाला ठेवले, तर मागे उरते ते माणसाचे कसब. मला हा आक्षेप अधिक वजनाचा वाटतो. ऑर्गन की गिटार या भांडणाने तो नाहक झाकला गेला.

देवाने ‘ना सांगितलेल्या, ना मना केलेल्या’ गोष्टींवरचे, 1577 च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या दुसऱ्या लूथरन जाहीरनाम्याचे दहावे कलमही दोघे वापरतात. सम्राटाने 1548 मध्ये लूथरनांवर लादलेल्या, कॅथलिक रीती परत आणणाऱ्या तडजोडीच्या आठवणीतून ते लिहिले गेले होते. अशा गोष्टी मंडळीने परिस्थितीप्रमाणे बदलाव्यात, असे त्याचा पूर्वार्ध म्हणतो. सत्यच पणाला लागले असेल तेव्हा त्यांतही माघार घेऊ नये, असे उत्तरार्ध म्हणतो.

सर्वांत खोल जखम केली ती सिनडच्या 1989 च्या विचिटा अधिवेशनातल्या ठरावाने. दूरच्या, लहान मंडळ्यांना पाळक परवडत नव्हता. तिथे अपवादात्मक परिस्थितीत परवानाधारक बिनदीक्षित माणसाने उपदेश करावा, प्रभुभोजनही द्यावे, वर एका पाळकाची देखरेख असावी, अशी मुभा या ठरावाने दिली. ऑग्सबर्गचे चौदावे कलम मात्र रोखठोक आहे : रीतसर पाचारण (पाळकपदासाठी बोलावणे) झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीर शिकवू नये की संस्कार देऊ नयेत. समर्थकांनी पोपच्या अधिकारावरच्या 1537 च्या लूथरन प्रबंधातला, प्राचीन धर्माचार्य ऑगस्टिनचा दाखला काढला. नावेत दोन ख्रिस्ती आहेत, त्यांपैकी एकाचा बाप्तिस्मा व्हायचा आहे. दुसरा त्याला बाप्तिस्मा देतो, आणि मग नुकताच बाप्तिस्मा झालेला तो, आपल्याला बाप्तिस्मा देणाऱ्याला पापक्षमा सांगतो. निकडीच्या वेळी सामान्य माणूसही दुसऱ्याचा पाळक होतो, असे तो प्रबंध म्हणतो.

विरोधकांचे उत्तर सरळ होते. नावेतली निकड तेवढ्यापुरती असते. परवाना दरवर्षी नवा होतो, तोच माणूस दर रविवारी वेदीपाशी उभा राहतो, याला निकड कसे म्हणायचे? मंडळीवाढीच्या कार्यकर्त्यांना मात्र या मुभेत वेगळीच शक्यता दिसली : नव्या मंडळ्या झपाट्याने रुजवायच्या, तर चार वर्षांच्या सेमिनरीची वाट कशाला पाहायची? अपवादाची वाट अशी रुळत गेली. हेतू वाईट नव्हते, पण कलम न बदलता व्यवहार बदलला आणि त्याची किंमत सिनडने पुढची सत्तावीस वर्षे मोजली.

2004 मध्ये सिनडची मोहीम निघाली : धर्मसुधारणेला 500 वर्षे होतील त्या 2017 पर्यंत 10 कोटी लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचवायची. किती जणांशी बोलणे झाले याची मोजदाद होऊ लागली, तेव्हा पाचव्या कलमाचा वाद नव्याने पेटला. 2008 च्या पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, या पद्धतींवर टीका करणारा सिनडच्याच केंद्रावरचा रेडिओ कार्यक्रम अचानक बंद केला गेला. पैशाचे कारण पुढे केले गेले, टीकाकारांना ते पटले नाही आणि सह्यांची मोहीम निघाली. 2010 मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात सिनडचे नेतृत्व बदलले. 2016 च्या मिल्वॉकी अधिवेशनाने विचिटाची मुभा मागे घेतली, आणि संस्कार देणाऱ्या परवानाधारकांना परीक्षा देऊन दीक्षा घेण्याचा मार्ग ठेवला.

हा मार्ग जातो 2007 मध्ये मंजूर झालेल्या, बहुतांशी दूरस्थ शिक्षणाच्या पाळक-अभ्यासक्रमाकडे. निवासी सेमिनरीशिवाय घडलेला पाळक पुरेसा तयार असतो का, यावर आता दोन्ही बाजू समोरासमोर आहेत.