गोड सोडलं, तरी सकाळची साखर का वाढते?

नाशिकच्या सोसायटी ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो: ‘डायबेटिस साखर खाल्ल्यानेच होतो, गोड सोडा, निर्धास्त राहा.’ गोड कमी करणं चांगलंच. पण टाइप २ डायबेटिसमध्ये गोष्ट बरीचशी चरबीची असते.

गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं, मग ती जिलेबी असो वा मिसळीच्या तर्रीसोबत घेतलेला चौथा पाव, चरबी म्हणून साठतं. त्वचेखालची जागा अपुरी पडली की ही चरबी यकृतात आणि स्नायूंत साठू लागते. तिथे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. स्नायू रक्तातली साखर कमी उचलतात. यकृत मात्र रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणूनच गोडाला हात न लावताही उपाशीपोटीची साखर जास्त येऊ शकते. हातपाय बारीक पण पोट सुटलेलं (आपल्याकडे अशी माणसं पुष्कळ), त्यांनाही हा धोका असतो.

पडताळायचं तर आधी टेप घ्या: कंबर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मग लॅबमध्ये एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर; ५.७ टक्क्यांपासून सावध) आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी; १५० मिग्रॅ/डेलीच्या आत). रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मेसेज वाचून बंद करू नका.