राणी मुंगी ओळखायची ती पाठीवरून

पावसाची सर ओसरली, वारा पडला, हवा दमट झाली की दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या फरशीवर एक भलीमोठी मुंगी एकटीच फिरताना दिसते. ना रांग, ना तोंडात दाणा. एवढी मोठी म्हणजे राणीच, असं आपण ठरवून टाकतो. असेलही, पण आकार फसवतो. मुंगळ्यांच्या एकाच वारुळात किरकोळ आणि दांडग्या अशा दोन्ही तऱ्हेच्या कामकरी मुंग्या असतात, आणि दांडगीचं डोकं पाहून भलेभले चकतात. उलट घरात ठाण मांडणाऱ्या फॅरो मुंगीची राणी जेमतेम ४ मिलिमीटरची. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून डोकं सोडा, पाठ बघा. बहुतेक जातींची राणी आयुष्यात एकदाच उडते, मीलनासाठी. त्या एका भरारीचे स्नायू तिच्या छातीत भरलेले असतात, त्यामुळे डोकं आणि पोट यांमधला हा भाग फुगीर, उंचवट्याचा दिसतो आणि त्यावर कवचाचे तुकडे जोडल्यासारख्या रेषा असतात. कामकरी मुंगीला पंख कधीच फुटत नाहीत. तिची छाती अरुंद, बाजूंनी दाबल्यासारखी. दांडगीचंही तेच: पुढे थोरलं डोकं आणि मागे चिंचोळी पाठ.

मीलन झालं की राणी आपले पंख स्वतःच पायांनी ओढून मोडून टाकते. ते जिथे होते तिथे छातीच्या दोन्ही बाजूंना बारीक व्रण राहतात. भिंगातून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून ते दिसले, की शंकेला फारशी जागा उरत नाही. कपाळावरचे तीन साधे डोळेही राणीकडे बोट दाखवतात, पण काही जातींत ते कामकऱ्यांनाही असतात. पंख शाबूत असतील तर तो नर तर नाही ना, हे पाहावं: डोकं लहान, डोळे मोठे, अंग सडपातळ, थोडा गांधीलमाशीसारखा. वाळवीशीही गल्लत होते. वाळवीला कंबर नसते, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीच्या मिशांना कोपर असतं आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब.

जात ओळखणं मात्र अवघड. रंगावर विसंबू नये. कंबरेवर गाठ एक आहे की दोन, हे आधी पाहावं. त्यासाठी बाजूने आणि वरून असे दोन फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले, पुरेसे होतात.

ती एकटी का भटकते? तिला भेग किंवा ओलसर माती हवी असते. अनेक जातींची राणी बिळात शिरते, तोंड बंद करते आणि पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत अन्नाला शिवत नाही. आता निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू विरघळतात आणि त्यांवर पहिली पिल्लं पोसली जातात. त्या एका भरारीत साठवलेलं वीर्य तिला जन्मभर पुरतं. आणि जन्म तरी केवढा! काळ्या बाग-मुंगीची एक राणी माणसांच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून अधिक जगली.

सगळ्याच जणी या वाटेने जात नाहीत. फॅरो मुंग्यांचं मीलन घरट्यातच होतं, राण्याही अनेक असतात. वरून औषध फवारलं तर त्या पांगून जागोजागी नवी घरटी मांडतात. डायकॅम्मा नावाच्या गटात तर वेगळी राणी जन्मालाच येत नाही. तिथल्या मुंग्या कोशातून निघतात तेव्हा त्यांच्या पाठीवर पंखांच्या जागी दोन इवले कोंब असतात. त्यांतल्या अनेक जातींत वरचढ मुंगी नव्याने आलेल्या प्रत्येकीचे कोंब चावून तोडते. जिचे कोंब शाबूत, तिचंच मीलन होतं आणि बाकीच्या जन्मभर कामकरी राहतात.