वन्य चिंपँझी संशोधनातील संसर्ग आणि क्षेत्रकर्मींचे आरोग्य

आफ्रिकेतील जंगलांमध्ये चिंपँझींचा वर्षानुवर्षे जवळून अभ्यास करताना माणसाकडून चिंपँझींना व चिंपँझींकडून माणसाला होणारे संसर्ग, आणि ते टाळण्यासाठी संशोधन केंद्रांवर काम करणाऱ्यांच्या प्रकृतीची घेतली जाणारी काळजी, हा या नोंदीचा विषय आहे. वन्यजीववैद्यक, साथरोगशास्त्र आणि व्यावसायिक आरोग्य या तीन शाखा येथे एकत्र येतात. पहिल्या दोन शाखांच्या अंगाने या विषयावर विपुल लेखन झाले आहे. तिसरी मात्र बराच काळ उपेक्षित राहिली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

दीर्घकालीन अभ्यासाची सुरुवात जेन गुडाल यांनी १९६० मध्ये टांझानियातील टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथे केली. त्याच सरोवराच्या काठी महाले येथे तोशिसादा निशिदा यांनी १९६५ पासून, तर पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात क्रिस्तोफ बोएश यांनी १९७९ पासून निरीक्षणे सुरू केली. युगांडातील किबाले राष्ट्रीय उद्यानात कान्यावारा आणि न्गोगो या दोन समूहांचा अभ्यास पुढे याच पद्धतीने उभा राहिला. या सर्व ठिकाणी पहिली अट एकच असते : रानटी समूहाला माणसाच्या उपस्थितीची इतकी सवय झाली पाहिजे, की तो पळून न जाता आपले व्यवहार चालू ठेवील. असा समूह सरावण्यास कित्येक वर्षे लागतात आणि त्यासाठी स्थानिक गावांतील माग काढणारे साहाय्यक रोज पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे राहतात. प्रसिद्ध शोधनिबंधांत संशोधकाचे नाव येते. चिंपँझींच्या सर्वाधिक सहवासात असतो तो हा साहाय्यक.

या जवळिकीची किंमत लवकरच दिसून आली. गोंबे येथे चिंपँझींना जवळ आणण्यासाठी केळी दिली जात, त्यामुळे एरवी विखुरलेले प्राणी एकाच जागी दाटीने जमत. १९६६ मध्ये आसपासच्या मानवी वस्तीत पोलिओची साथ असताना तोच आजार या चिंपँझींत शिरला. काही दगावले, काहींचे हातपाय कायमचे लुळे पडले. संशोधकांनी केळ्यांत लस घालून ती उरलेल्यांना खाऊ घातली. गोंबेत पुढील दशकांत श्वसनमार्गाच्या साथी अनेकदा आल्या, परंतु त्यांचे कारण प्रयोगशाळेत सिद्ध करण्याची साधने तेव्हा उपलब्ध नव्हती, आणि ‘चिंपँझींनाही सर्दी होते’ एवढ्यावर विषय थांबत असे.

निर्णायक पुरावा ताई अरण्यातून आला. तेथे १९९९, २००४ आणि २००६ मध्ये चिंपँझींमध्ये खोकल्याच्या साथी आल्या आणि त्यांत मृत्यू झाले. मृत प्राण्यांच्या ऊतींमध्ये मानवी श्वसन सिन्सिशियल विषाणू आणि मानवी मेटान्यूमोव्हायरस हे माणसांत सर्दी-खोकला घडवणारे विषाणू आढळले, व त्यांची जनुकीय रचना त्या काळी जगभर माणसांत फिरणाऱ्या विषाणूंशी अगदी जवळची होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने रानटी कपींना (चिंपँझी, गोरिला यांसारख्या बिनशेपटीच्या वानरांना) माणसाकडून विषाणू मिळाल्याचे प्रथमच थेट दाखवून दिले. त्यानंतर अशा नोंदी वाढत गेल्या. कान्यावारा समूहात २०१३ मध्ये ऱ्हायनोव्हायरस ‘सी’ या सर्दीच्या विषाणूने ५६ पैकी ५ चिंपँझींचा बळी घेतला. २०१६-१७ च्या सुमारास न्गोगो येथे मेटान्यूमोव्हायरसच्या साथीत २५ चिंपँझी, म्हणजे समूहाचे सुमारे १२ टक्के सदस्य दगावले. त्याच सुमारास, काही किलोमीटरवरील कान्यावारा समूहातही खोकल्याची साथ होती, परंतु तिथला विषाणू निराळा, पॅराइन्फ्लुएन्झा वर्गातील होता. एका समूहातून दुसऱ्यात रोग पसरला असे मानणे सोयीचे होते. प्रत्यक्षात माणसांच्या बाजूने दोन विषाणू दोन वेगळ्या वाटांनी जंगलात शिरले होते. ताई येथे याच काळात मानवी कोरोनाविषाणू ओसी-४३ देखील आढळला, मात्र त्याची लक्षणे सौम्य होती.

माणसाला दोन दिवस नाक गळण्यापलीकडे त्रास न देणारा विषाणू चिंपँझीला प्राणघातक का ठरतो, याची कारणे एकाहून अधिक आहेत. रानटी समूहाला या विषाणूंची पूर्वओळख नसल्याने प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. ऱ्हायनोव्हायरस ‘सी’ पेशीवरील ज्या ग्राही प्रथिनाला चिकटतो, त्याचे संसर्गाला अधिक अनुकूल असलेले रूप चिंपँझींमध्ये सार्वत्रिक आहे. माणसांत हेच रूप असलेल्या मुलांना दम्याचे तीव्र झटके येण्याचा धोका अधिक असतो. शिवाय विषाणूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत न्यूमोनियाचे जिवाणू शिरकाव करतात आणि मृत्यू बहुधा या दुहेरी आघाताने होतो. मादी चिंपँझी साधारणतः पाच-सहा वर्षांतून एकदा पिलाला जन्म देते. त्यामुळे एका साथीत गेलेले प्राणी भरून निघण्यास दशके लागतात.

असे असले तरी संशोधकांनी जंगल सोडून जावे, असा निष्कर्ष या संशोधनातून निघत नाही. ताई येथील ज्या अभ्यासाने मानवी विषाणूंचा पुरावा दिला, त्यानेच हेही नोंदवले, की संशोधन केंद्राच्या आसपास शिकारी फिरकत नाहीत आणि तेथे चिंपँझींची घनता इतरत्रपेक्षा अधिक आहे. बंदूक आणि खोकला यांतून निवड करण्याची ही अवघड स्थिती आहे, आणि बहुतेक तज्ज्ञांनी केंद्रे चालू ठेवून खोकला आवरण्याच्या बाजूने कौल दिला आहे.

संसर्गाची उलटी दिशा लोकांना अधिक परिचित आहे. जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१ च्या मुख्य गटाचा पूर्वज आग्नेय कॅमेरूनमधील चिंपँझींचा विषाणू असल्याचे २००६ मध्ये जंगलातून गोळा केलेल्या विष्ठेच्या नमुन्यांवरून दाखवण्यात आले; हे नमुने शोधून आणण्याचे काम अर्थातच स्थानिक माग काढणाऱ्यांनी केले होते. गोंबेतील चिंपँझींमध्ये या कुळातील विषाणूची लागण झालेल्यांचा मृत्युधोका न झालेल्यांपेक्षा १० ते १६ पट असल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ताई येथे चिंपँझी मोठ्या संख्येने मरू लागले तेव्हा एका संशोधिकेने मृत प्राण्याचे शवविच्छेदन केले आणि काही दिवसांतच ती तापाने आजारी पडली. तिला स्वित्झर्लंडला हलवण्यात आले व ती बरी झाली. तिच्या रक्तातून इबोलाच्या कुळातील, तोपर्यंत अज्ञात असलेला विषाणू वेगळा करण्यात आला. या घटनेनंतर ताई प्रकल्पात पशुवैद्यक कायम नेमला गेला आणि शवविच्छेदन पूर्ण संरक्षक पोशाखात करण्याची प्रथा रुजली. या प्रथेचा लाभ पुढे दिसला : २००१-०२ मध्ये अकस्मात मेलेल्या चिंपँझींच्या मृत्यूमागे काळपुळीसारखा (अँथ्रॅक्ससारखा) रोग घडवणारा एक वेगळा जिवाणू असल्याचे उघड झाले. याच अरण्यात पुढे मंकीपॉक्सच्या साथीही नोंदल्या गेल्या.

कुष्ठरोगाची नोंद स्वतंत्रपणे केली पाहिजे, कारण आनंदवन आणि दत्तपूर येथील कुष्ठसेवेच्या कामामुळे विदर्भातील वाचकाच्या मनात हा रोग केवळ माणसाचा म्हणून रुजलेला आहे. ताई आणि गिनी-बिसाऊमधील कांतानेझ या परस्परांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणच्या रानटी चिंपँझींमध्ये हा रोग असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडील जिवाणूंचे जनुकीय प्रकार वेगळे आणि दुर्मीळ निघाले. कांतानेझचे चिंपँझी माणसांना सरावलेले नसल्यामुळे संशोधकांकडून संसर्ग झाल्याची शंका तेथे घेता येत नाही. प्राणी, माती किंवा कीटक यांतील एखादा स्रोत असण्याची शक्यता पुढे येते.

प्रतिबंधाच्या नियमांना निश्चित स्वरूप आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या मार्गदर्शक सूचनांमुळे आले. कपींपासून किमान ७ मीटर अंतर राखणे, मुखपट्टी लावणे, आजारी व्यक्तीने जंगलात न जाणे, जंगलात मलमूत्र व अन्नाचे उष्टे न टाकणे, हे त्यातील मुख्य नियम होत. २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ सुरू होताच अंतर १० मीटरपर्यंत वाढवण्याचा सल्ला देण्यात आला. कोरोनाविषाणू ज्या ग्राही प्रथिनाद्वारे पेशीत शिरतो त्याचे कळीचे भाग माणसात आणि चिंपँझींत एकसारखे असल्याने ही भीती सयुक्तिक होती. ताई प्रकल्पात बाहेरून आलेल्या प्रत्येकाने जंगलात जाण्यापूर्वी सुमारे ५ दिवस विलगीकरणात राहण्याची पद्धत आहे. तेथे जंगलाचे कपडे वेगळे ठेवले जातात आणि बूट निर्जंतुक केले जातात.

हे नियम कागदावर चोख आहेत. अडचण येते ती काम करणाऱ्या माणसाच्या परिस्थितीमुळे. साहाय्यक गावात राहतो, त्याच्या घरी लहान मुले असतात, आणि श्वसनविषाणूंचे माणसांतील मुख्य वाहक मुलेच असतात. किबाले परिसरात अलीकडे झालेल्या अभ्यासात चिंपँझींना मारणारे विषाणू आसपासच्या गावांतील मुलांमध्ये नेहमी फिरत असल्याचे दिसले. त्यांच्या घरातील प्रौढांना लागण होते तेव्हा लक्षणे सौम्य असतात किंवा नसतातच. ‘आजारी असाल तर येऊ नका’ हा नियम अशा माणसावर निरुपयोगी ठरतो, कारण आपण आजारी आहोत हेच त्याला कळत नाही. ज्याला कळते त्याच्यापुढे मजुरीचा प्रश्न असतो. गैरहजेरीचा रोज बुडत असेल, तर घसा खवखवत असल्याचे साहाय्यक सांगणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून भरपगारी आजारपणाची रजा ही सुविधा मुखपट्टीइतकीच, कदाचित तिच्याहूनही अधिक, चिंपँझींच्या रक्षणाची आहे. मुले आजारी असल्याचे कळवल्यास बापाला केंद्रावरील दुसरे काम देणे, गोवर, पोलिओ, इन्फ्लुएन्झा, धनुर्वात आणि रेबीज यांच्या लसी देणे, क्षयरोग व जंत यांची नियमित तपासणी करून उपचारही पुरवणे, हे उपाय त्याच विचारातून येतात. पर्वतीय गोरिलांच्या प्रदेशात पशुवैद्यकीय प्रकल्पाने कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असा आरोग्य कार्यक्रम सुरू केला. तो या क्षेत्रातील आरंभीचा नमुना मानला जातो. ऱ्हायनोव्हायरस आणि मेटान्यूमोव्हायरस यांवर लस नसल्याने लसीकरणाची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. तपासणीच्या बाबतीत गोपनीयतेचा मुद्दा नाजूक आहे : क्षयरोग किंवा एचआयव्ही निघाल्यास नोकरी जाईल, ही भीती असेल तर माणूस तपासणीच टाळतो आणि सारा कार्यक्रम पोकळ होतो.

भारतात चिंपँझी नाहीत आणि कपींपैकी केवळ हूलॉक गिबन ईशान्येच्या जंगलांत आढळतो. तरीही नागपूर परिसरात हा विषय परका नाही. रामटेकच्या गडावरील वानरे भाविकांच्या हातून खाद्य घेतात, आणि गोंबेतील केळ्यांच्या प्रकरणानंतर अशा खाऊ घालण्याकडे केवळ भूतदया म्हणून पाहता येत नाही. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन या लसीची चाचणी ज्या २० लाल तोंडाच्या माकडांवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली, ती टाळेबंदीत बराच शोध घेतल्यावर नागपूरजवळच्या भागात सापडली. चाचणीपूर्वी त्यांना देखभाल करणाऱ्या माणसांकडूनच कोरोनाची लागण होऊ न देणे हे मोठे काम होते, म्हणजे आफ्रिकेतील केंद्रांवरील प्रश्न पुण्याच्या प्रयोगशाळेतही उभा राहिला.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले, तेव्हा पिंजऱ्यांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची प्रकृती हा विषय शहरात प्रथमच ठळकपणे चर्चेत आला. तत्पूर्वी, २०१८ च्या पावसाळ्यात, नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवता-झुडपांतील चिगर माइट्स या सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होणारा हा ताप वनरक्षक, वनमजूर आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांच्या कामाशी थेट जोडलेला आहे. नागपुरात व्यावसायिक आरोग्य म्हटले की मात्र आजवर कोळसा आणि मँगनीजच्या खाणी डोळ्यांपुढे येत. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या खाणकंपन्यांची मुख्यालये येथे आहेत, खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्थाही येथेच होती आणि धूळ, आवाज व सिलिकोसिस (दगडी धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग) यांच्या मोजमापाची पद्धत येथे चांगली रुळलेली आहे. जंगलात काम करणाऱ्याच्या बाबतीत धूळ मोजण्यासारखे सोपे मोजमाप नाही. त्याच्या घरातील खोकला, त्याला झालेले चावे आणि त्याने हाताळलेले मृत प्राणी यांची नोंद ठेवावी लागते.

माणूस, प्राणी आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरसाठी बसवण्यात आली. गोरेवाडा येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पेंच व ताडोबा हे व्याघ्रप्रकल्प शहरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. या प्रकल्पांच्या सीमेवरील गावांत वनमजुरांची मुले, पाळीव गुरे, कुत्री आणि वानरे एकाच पाणवठ्याच्या आसपास वावरतात, आणि यांतील बरेच मजूर रोजंदारीवर असतात.