‘फ्रीज’ या शब्दामागचा गुंता : पार्श्वभूमी

‘फ्रीज फ्रेम’चे, म्हणजे पडद्यावर चित्र थांबवण्याच्या रीतीचे, श्रेय दादासाहेब फाळके यांना दिले जाते, आणि थिजण्याचा विषय निघाला की अहल्याही आठवते. गौतम ऋषींची कथा त्र्यंबकच्या डोंगराशी जोडलेली असल्याने अहल्येची शिळा नाशिककरांना वेगळी सांगायला नको. वाल्मीकींच्या कथेत मात्र ती दगड होत नाही. ती राखेत, वाऱ्यावर जगत, कोणाला न दिसता राहते. शिळेचे रूप नंतरच्या कवींनी दिले, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे.

खरा गुंता ‘फ्रीज’ या शब्दाचा आहे. नट थबकतो तेव्हा, कॅमेरा थांबतो तेव्हा आणि पडद्यावरचे चित्र थांबते तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो. या तिन्ही क्रिया निराळ्या आहेत. पारशी रंगभूमीवर प्रसंगाच्या टोकाला पात्रे आहे त्या स्थितीत उभी राहत, तो टॅब्लो. गणेशोत्सवातला जिवंत देखावा त्याच जातीचा. ध्वनिक्षेपकावर निवेदन चालू असते, भाला धरलेल्या मावळ्याच्या कानशिलावरून घाम ओघळतो, आणि तो पुसायला हात मात्र उचलायचा नसतो. येथे सगळा भार शरीरावर असतो.

अमेरिकेत १८९५ साली एका राणीच्या शिरच्छेदाच्या छोट्या चित्रपटात कॅमेरा थांबवून नटाच्या जागी बाहुले ठेवले गेले आणि तोवर बाकीची पात्रे निश्चल उभी राहिली. गोंधळाचे मूळ बहुधा इथेच आहे, कारण नट थिजले, कॅमेराही थांबला, पण प्रेक्षकाला काहीच थांबलेले दिसले नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि पुढे नाशिकमध्येच चित्रपट काढणाऱ्या फाळके या आपल्या आद्य दिग्दर्शकाच्या चमत्कारदृश्यांमागे हेच तंत्र होते. तेवढ्यावरून फाळक्यांना फ्रीज फ्रेमचे श्रेय देणे मला चुकीचे वाटते आणि त्यात त्याचा गौरवही होत नाही. १९१२ साली कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत त्याने चित्रित केली, ते काम तर गोठवण्याच्या नेमके उलट आहे, कारण डोळ्यांना स्थिर वाटणारे त्याने हलते केले.

फ्रीज फ्रेममध्ये एकच चौकट पुनःपुन्हा छापतात. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने तीन सेकंदांच्या स्तब्धतेसाठी ७२ प्रती लागतात. १९५९ सालच्या एका फ्रेंच चित्रपटात समुद्राकाठी वळून पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर चित्र थांबले, आणि तेव्हापासून शेवट अनिर्णित ठेवण्याची ही रीत जगभर मान्य झाली. आपल्याकडे २००० नंतरच्या दैनंदिन मालिकांनी ती रोजच्या भागाच्या अखेरीस आणली. कथा पुढे न नेता प्रेक्षकाला उद्यापर्यंत अडकवून ठेवणे एवढेच काम तिच्याकडे उरले, आणि हे नुकसान लहान नाही. १९९९ साली ओळीने मांडलेल्या अनेक स्थिर कॅमेऱ्यांनी गोठलेल्या क्षणाभोवती फिरण्याची सोय सर्वपरिचित झाली. २०१६ च्या अखेरीस मोबाइलवर पसरलेल्या पुतळ्यासारखे उभे राहण्याच्या खेळात (‘मॅनेक्विन चॅलेंज’) कॅमेरा चालता होता आणि माणसे स्तब्ध होती; त्यामुळे त्याचे नाते फ्रेंच चित्रपटातल्या त्या चौकटीशी नसून मंडपातल्या मावळ्याशी आहे.